स्कॅनर नंतर, आधी चेकसम: डिजिटल जतन शिकायला सुरुवात कुठून करायची

आर्काइव्हमध्ये नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्या दोन-चार महिन्यांतच कुणीतरी येऊन सांगतं की आता डिजिटायझेशनचं तुम्ही बघा. मग रात्री बसून शोधाशोध सुरू होते, स्कॅनिंगचा कोर्स, मेटाडेटाचा (फाइलींबद्दलच्या माहितीचा) कोर्स, कुठलं तरी सर्टिफिकेट, कुठली तरी ऑनलाइन डिग्री, आणि तासाभरात वीस टॅब उघडून डोकं जड झालेलं असतं पण यातलं आधी काय करायचं ते काही कळत नाही. तो क्रम सांगायलाच हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे: आधी फाइल सांभाळायला शिका, फाइल बनवायला नंतर. जवळजवळ सगळे उलटं करतात, कारण स्कॅनर समोर दिसतो, रोज किती पानं झाली ते मोजता येतं, वरिष्ठांना दाखवता येतं. सांभाळण्याचं काम कुणाला दिसत नाही. मीही उलटंच केलं. एका संस्थेत आम्ही हस्तलिखितांची काही हजार पानं स्कॅन केली, एका हार्ड डिस्कवर ठेवली, तिची दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढली आणि निर्धास्त झालो. आठ महिन्यांनी एका अभ्यासकानं एक पान मागितलं, फाइल उघडली तर वरचा अर्धा भाग नीट आणि खालचा अर्धा नुसता करडा. दुसऱ्या डिस्कवर बघितलं, तिथंही तेच, कारण बिघडलेल्या फाइलचीच कॉपी झाली होती. शोधत गेलो तर अशा अकरा फाइली निघाल्या, आणि मूळ पानं तोवर मालकांकडे परत गेलेली. फाइल नेमकी कधी बिघडली, स्कॅन करताना की पहिल्या डिस्कवर नेताना, हे सांगायला आमच्याकडे काहीही नव्हतं, कारण चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची खूण, मजकूर बदलला की ती बदलते) आम्ही काढलाच नव्हता. अर्ध्या दिवसाच्या शिक्षणानं हे टळलं असतं आणि ते शिक्षण फुकट मिळतं, हे मला नंतर कळलं. ते आजही लागून राहिलंय, म्हणून नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगतो.

पायरी १: कोर्स शोधायच्या आधी आपण कुठं आहोत ते बघा

एक दुपार काढा आणि 'लेव्हल्स ऑफ डिजिटल प्रिझर्व्हेशन' नावाचा तक्ता उघडा. अमेरिकेतल्या नॅशनल डिजिटल स्टुअर्डशिप अलायन्सनं तो २०१३ मध्ये आणला आणि २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. एका पानात मावतो. पाच ओळी आहेत, म्हणजे साठवण, फाइल शाबूत आहे का याची तपासणी, कुणाला काय करायची परवानगी, मेटाडेटा आणि खुद्द मजकूर, आणि प्रत्येक ओळीला चार पातळ्या. साठवणीची पहिलीच पातळी म्हणते की दोन पूर्ण प्रती हव्यात आणि त्या वेगवेगळ्या जागी हव्यात. एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डिस्क यात बसत नाहीत.

प्रत्येक चौकटीसमोर हो, नाही किंवा माहीत नाही एवढंच लिहायचं, आणि खरं लिहायचं. जिथं 'माहीत नाही' जास्त आलं तोच तुमचा अभ्यासक्रम. मग कुठल्याही कोर्सचा सिलॅबस समोर आला की या रिकाम्या चौकटींतलं किती भरून निघतं एवढंच बघायचं, जाहिरात कितीही छान असो.

पायरी २: पहिला महिना एकाच फुकट कोर्सला द्या

डिजिटल प्रिझर्व्हेशन कोअलिशन ही २००२ पासून काम करणारी संस्था आहे, सुरुवात ब्रिटन-आयर्लंडमध्ये झाली आणि आता सभासद जगभर आहेत. त्यांचा 'नोव्हिस टू नो-हाऊ' हा ऑनलाइन कोर्स २०२० मध्ये सुरू झाला, ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जनं त्याला पैसे दिले, आणि शिकणाऱ्याला तो मोफत आहे. नावाप्रमाणेच अगदी नवख्यांसाठी आहे, कॉम्प्युटर सायन्स यायला पाहिजे असं काही नाही, आपल्या वेगानं करता येतो. माझ्या मते पहिला कोर्स हाच करावा, आणि तो संपेपर्यंत दुसरा उघडू नये, कारण तीन कोर्स अर्धे करण्यापेक्षा एक पूर्ण केलेला कितीतरी उपयोगी पडतो.

याच संस्थेची डिजिटल प्रिझर्व्हेशन हँडबुकही ऑनलाइन फुकट आहे. ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, अडलं की त्या विषयाचं पान उघडा.

करताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक धडा झाला की आपल्याकडच्या एका छोट्या संग्रहाला तो लावून बघायचा, शे-दोनशे फाइलींचा संग्रह पुरे, आणि वहीत तीन-चार ओळी लिहायच्या की आपल्याकडे हे कसं होईल, कोण करेल, कुठं अडेल. कोर्सची व्हिडिओ महिन्याभरात विसरायला होतात, या ओळी राहतात.

या टप्प्यावर ओएआयएस हे नाव सारखं कानावर पडेल. डिजिटल आर्काइव्हनं काय काय करायचं याचं हे मॉडेल, म्हणजे आयएसओ १४७२१ हे मानक, अंतराळ संस्थांच्या डेटा समितीनं बनवलेलं, कारण उपग्रहांकडून आलेला डेटा काही दशकांनी वेगळ्याच माणसांना वाचता यायला हवा हा त्यांचाही प्रश्न होता. मूळ दस्तऐवज जड आहे, पहिल्या वर्षी वाचला नाही तरी चालतं. फक्त तीन पाकिटं लक्षात ठेवा: देणाऱ्याकडून आत येतं ते एसआयपी, आपण जपून ठेवतो ते एआयपी, वाचकाला देतो ते डीआयपी. एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्मी भाषणं समजायला लागतात.

पायरी ३: हाताला सवय

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण वाचून येतं असं वाटणारे बरेच जण इथंच अडतात.

पहिला सराव चेकसमचा. एक साधी टेक्स्ट फाइल बनवा, त्यात एक वाक्य लिहा, सेव्ह करा आणि तिचा एसएचए-२५६, म्हणजे एका प्रकारचा चेकसम, काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, मॅक-लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ही सोय असतेच, वेगळं काही बसवावं लागत नाही. ६४ आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ मिळेल, ती वहीत किंवा दुसऱ्या फाइलीत उतरवून ठेवा. आता फाइल उघडून वाक्यातला फक्त एक स्वल्पविराम काढा, सेव्ह करा आणि परत एसएचए-२५६ काढा. जवळजवळ पूर्ण ओळच बदललेली दिसेल. मग स्वल्पविराम होता तिथं परत घाला आणि पुन्हा काढा, तर पहिली ओळ जशीच्या तशी परत येते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की फिक्सिटी, म्हणजे फाइल जशीच्या तशी शाबूत असणं, हे काय ते कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. आमच्या त्या अकरा फाइलींसाठी स्कॅन झाल्या दिवशी ही एक ओळ लिहून ठेवली असती आणि कॉपी केल्यावर ताडून बघितली असती, तर निदान कॉपी करताना झालेली चूक मूळ पानं अजून टेबलावर असतानाच सापडली असती.

दुसरा सराव फाइल ओळखण्याचा. एक टिफ फोटो घ्या, त्याची कॉपी करा आणि कॉपीचं एक्स्टेंशन बदलून पीडीएफ करा. डबल-क्लिक केलं तर अर्थातच उघडणार नाही. आता ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं ड्रॉइड नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि ही फाइल त्याला दाखवा. ते नावाकडे बघून फसत नाही, फाइलच्या आतले सुरुवातीचे बाइट्स वाचतं, ही टिफ आहे म्हणून सांगतं, एफएमटी/३५३ असा तिचा ओळख क्रमांक देतं आणि एक्स्टेंशन जुळत नाही असा इशाराही देतं. हा क्रमांक प्रोनोम नावाच्या फॉरमॅटच्या नोंदवहीतून येतो आणि जगभरातल्या आर्काइव्ह तोच वापरतात. मग ड्रॉइड आपल्या ऑफिसातल्या एखाद्या जुन्या फोल्डरवर चालवा. एक्स्टेंशनच नसलेल्या फाइली, शून्य बाइटच्या फाइली, कुणीच न ओळखलेले फॉरमॅट, काय काय निघतं बघा, आणि ती यादी म्हणजे तुमच्या संग्रहाची पहिली खरी तपासणी.

तिसरा सराव बॅगइटचा. ही फोल्डर बांधायची पद्धत आहे: आत एक 'डेटा' फोल्डर, त्यात सगळ्या फाइली, आणि बाहेर एक यादी ज्यात प्रत्येक फाइलीचा चेकसम. आपण सामान पाठवताना आत काय काय आहे त्याची चिठ्ठी वर ठेवतो तसंच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं बॅगर हे फुकट टूल यासाठी वापरता येतं. बॅग बांधा, दुसऱ्या डिस्कवर न्या, तिथं तपासा, मग मुद्दाम आतली एक फाइल डिलीट करून परत तपासा आणि एरर कसा येतो ते बघून ठेवा, कारण खरा एरर येईल तेव्हा घाबरायला होत नाही.

हे तीन सराव जमले की तुम्ही काम करण्याजोगे झालात, सर्टिफिकेट असो वा नसो.

पायरी ४: आता स्कॅनर

स्कॅनिंगचे नियम शिकायला फॅडगी हे नाव लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनी मिळून केलेल्या मार्गदर्शक सूचना, तिसरी आवृत्ती २०२३ ची, फुकट मिळतात. त्यात एक ते चार स्टारची दर्जाची पातळी ठरवलेली आहे, आणि ती डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला किती ठिपके यावर, थांबत नाही, रंग किती बरोबर आला, कडा किती स्पष्ट आल्या, पानभर उजेड सारखा पडला का हे सगळं एका ठरावीक रंगचौकटींच्या कार्डाचा फोटो काढून मोजतात. नवीन माणसाला वाटतं की ६०० डीपीआय म्हणजे ३०० च्या दुप्पट चांगलं, पण लेन्स आणि उजेड धड नसेल तर नुसती फाइल मोठी होते.

किती मोठी, ते स्वतः गणित करून बघा. ए४ पान ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० पिक्सेल, स्कॅनिंगमध्ये डीपीआय म्हणतात ते हेच) साधारण ३३०७ गुणिले ४६७७ पिक्सेल होतं, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर कॉम्प्रेशन नसलेली टिफ ४६ एमबीच्या आसपास जाते. अशी १०,००० पानं म्हणजे ४६० जीबीच्या वर, आणि तीन प्रती ठेवायच्या म्हटल्या तर जवळजवळ १.४ टीबी. ६०० पीपीआय केलं की हेच सव्वादोन पट. हे गणित स्कॅनर विकत घ्यायच्या आधी करायचं असतं.

हात लावायची कला मात्र स्क्रीनवरून येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. बांधीव वही किती अंशात उघडायची, शिवणीजवळचा मजकूर कसा घ्यायचा, ठिसूळ पान खालून आधार देऊन कसं उलटायचं, काच कधी वापरायची आणि कधी नाही, हे अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहूनच कळतं. एखाद्या चालू डिजिटायझेशन लॅबला सरळ पत्र लिहा की तीन दिवस येऊन बघू द्या, पडेल ते काम करतो. नाही म्हणणारे असतात पण हो म्हणणारेही निघतात. आणि गेलात तर कॅमेऱ्यापाशी कमी आणि क्वालिटी चेक करणाऱ्या माणसापाशी जास्त बसा, काय काय चुकू शकतं ते सगळं त्याला माहीत असतं.

लॅब जवळ नसेल, साध्या कॅमेऱ्यावर काम भागवायचं असेल, तर ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम २००४ पासून जगभर अशाच अडचणीच्या जागी काम करतोय. त्या अनुभवावरचं 'रिमोट कॅप्चर' हे पुस्तक २०१८ मध्ये निघालं आणि ऑनलाइन फुकट वाचता येतं. वीज जाते, जागा अरुंद आहे, मालक कागद बाहेर नेऊ देत नाही, अशा अडचणींसाठीचं आहे, म्हणून मला ते फार आवडतं.

पायरी ५: तुमच्याकडे टेप असतील तर ही पायरी आधी घ्या

कागद थांबेल, मॅग्नेटिक टेप थांबणार नाही. टेप खराब होत जाते हे आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ती वाजवणारी यंत्रं संपत चाललीत, व्हीएचएस रेकॉर्डर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनंही २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. तेव्हा संग्रहात कॅसेट, स्पूल, व्हिडिओ टेप असतील तर शिकण्याचा क्रम बदला.

आवाजासाठी आयएएसए, म्हणजे आवाज आणि चित्रफितींच्या आर्काइव्हची आंतरराष्ट्रीय संघटना, तिची टीसी-०४ ही मार्गदर्शिका वाचा, ऑनलाइन उपलब्ध आहे. ती डिजिटल आवाजाचा दर्जा किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते, पुष्कळ आर्काइव्ह ९६ किलोहर्ट्झ घेतात, त्या हिशेबानं स्टीरिओचा एक तास सुमारे २ जीबी होतो. व्हिडिओसाठी एफएफएमपेग हे कमांडनं चालणारं सॉफ्टवेअर शिकावंच लागतं, आणि त्याच्या कमांड बघून घाबरायला होतं हे खरं आहे, पण आर्काइव्हवाल्यांनीच बनवलेलं एफएफएमप्रोव्हायझर नावाचं पान आहे, कुठलं काम कुठल्या कमांडनं आणि त्यातला प्रत्येक शब्द कशासाठी हे तिथं सुटं करून सांगितलंय. चित्रफितीवाल्यांची संघटना अमिया, तिच्या कार्यशाळांवरही लक्ष ठेवा.

जन्मापासून डिजिटल असलेलं साहित्य, म्हणजे कुणाचे पेन ड्राइव्ह, जुने लॅपटॉप, फ्लॉपी, हे आलं तर बिटक्युरेटर हे अशा साहित्यासाठीचं सॉफ्टवेअर बघा. आणि एक गोष्ट आजच लक्षात ठेवा, आलेला पेन ड्राइव्ह तसाच मशीनला लावून आत काय आहे ते चाळू नका, नुसतं जोडून फाइली उघडल्यानंही तारखा बदलू शकतात. त्यासाठी राइट ब्लॉकर, म्हणजे ड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ न देणारं साधन, वापरतात, तो वापरायला शिकणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पायरी ६: थोडी कमांड लाइन, थोडं ओपनरिफाइन

प्रोग्रॅमर व्हायची गरज नाही. पण ४,००० फाइलींची नावं हातानं बदलत बसलात तर आठवडा जाईल आणि चुका होतील त्या वेगळ्याच. लायब्ररी कार्पेंट्री या लायब्ररीवाल्यांसाठीच्या उपक्रमाचे धडे फुकट आहेत, त्यातला शेलचा (कमांड लाइनचा) आणि ओपनरिफाइन या याद्या साफ करणाऱ्या टूलचा धडा करा, एकाच माणसाचं नाव सात तऱ्हेनं लिहिलेलं कॅटलॉग स्वच्छ करताना ओपनरिफाइन काय करतं ते बघून थक्क व्हाल. प्रोग्रॅमिंग हिस्टोरियन या साइटवरचे धडेही चांगले आहेत, ते प्रसिद्ध करायच्या आधी दुसऱ्या अभ्यासकांकडून तपासून घेतात.

पायरी ७: पैसे कधी आणि कशावर खर्च करायचे

सहा महिने वरचं सगळं करून झाल्यावर. तेव्हाच कळतं की आपल्याला नक्की काय येत नाही.

सोसायटी ऑफ अमेरिकन आर्किव्हिस्ट्स ही १९३६ ची जुनी संघटना, तिचं डिजिटल आर्काइव्ह्ज स्पेशलिस्ट हे सर्टिफिकेट २०११ पासून आहे. वेगवेगळ्या गटांतले ठरावीक कोर्स करायचे, त्यांच्या परीक्षा द्यायच्या आणि शेवटी एक सर्वसमावेशक परीक्षा. यातला सुटा कोर्सही घेता येतो, आणि मला विचाराल तर आधी एखादा सुटाच घेऊन बघा, पटलं तर पुढं जा. मुदतीच्या आणि नूतनीकरणाच्या अटी पैसे भरायच्या आधी वाचा. इंटरनॅशनल काउन्सिल ऑन आर्काइव्ह्जचेही ऑनलाइन कोर्स आहेत. डिग्रीच हवी असेल, नोकरी न सोडता, तर स्कॉटलंडमधली डंडी आणि वेल्समधली अॅबरिस्टविथ ही विद्यापीठं आर्काइव्हचं शिक्षण दूरस्थ पद्धतीनं देतात. डिग्री हा मोठा निर्णय आहे, वेळेचा आणि पैशाचा, पदासाठी ती सक्तीची असेल तरच त्या वाटेला जा असं मी म्हणेन.

कुठलाही पैशाचा कोर्स असो, आयोजकांना हे विचारा: स्वतः हातानं करायचं किती आहे? शिकवणारा सध्या कुठल्या संग्रहावर काम करतो? सिलॅबसमध्ये फिक्सिटी, फॉरमॅट ओळख, प्रेमिस मेटाडेटा (जतनाच्या नोंदी ठेवायचं मानक) हे शब्द आहेत का? जर सगळा सिलॅबस स्कॅनर, डीपीआय आणि पीडीएफ बनवणं यातच संपत असेल आणि नावात मात्र 'प्रिझर्व्हेशन' असेल, तर पैसे राखून ठेवा. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचं ट्रेनिंग त्या सॉफ्टवेअरसाठी उपयोगी असतं, जरूर घ्या, पण तेवढ्यावर जतन आलं असं धरू नका. डिजिटल जतनाची पूर्ण सिस्टिम कशी चालते ते बघायचं असेल तर आर्काइव्हमॅटिका ओपन सोर्स आहे, तिची माहितीपुस्तिका सगळ्यांना खुली आहे.

पायरी ८: माणसं

आयप्रेस ही या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद, २००४ मध्ये बीजिंगला पहिली झाली. जायला जमलं नाही तरी तिथले निबंध खुले असतात, आणि मी आधी ते वाचतो ज्यात कुणीतरी आमचं काय फसलं ते प्रामाणिकपणे मांडलेलं असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी वर्ल्ड डिजिटल प्रिझर्व्हेशन डे असतो, त्या दिवशी खूप संस्था फुकट ऑनलाइन कार्यक्रम करतात, तेवढा दिवस सुट्टी न घेता ऑफिसातच शिकण्यासाठी मागून घ्या.

वेळ मागायचा तर तो कसा मागायचा हेही सांगतो. 'मला शिकायचंय' असा अर्ज केला की तो मागं पडतो. पायरी १ मधला तक्ता आणि पायरी ३ मधली ड्रॉइडची यादी जोडा, लिहा की आपल्याकडच्या इतक्या फाइलींची दुसरी प्रत नाही, इतक्या फाइली ओळखता येत नाहीत, हे दुरुस्त करायला मला आठवड्याला तीन तास आणि अमुक कोर्स हवा, आणि तीन महिन्यांनी तक्त्यातल्या या दोन चौकटी 'नाही'वरून 'हो'वर आलेल्या असतील. असा कागद बाजूला सारणं वरिष्ठांनाही अवघड जातं.

आणि जे शिकाल ते दोन पानांत उतरवून ऑफिसच्या फाइलीला लावा, स्कॅन झाल्यावर चेकसम कोण काढतो, कुठल्या फोल्डरात ठेवतो, कॉपी झाल्यावर कोण ताडतो, जुळलं नाही तर मूळ पान परत जायच्या आधी कुणाला कळवायचं. तुमची बदली झाली तर तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी हीच दोन पानं लागणार आहेत.